झीज धरलेली नाही

कोल्टन नावाचा तो पोरगा
कागद माझ्याकडे फिरवतो,
पेनाच्या मागच्या टोकानं ओळी दाखवतो.
सात वर्षं किंवा एक लाख मैल,
जे आधी संपेल ते.
तीन हजार आठशे चाळीस डॉलर.
हप्त्यात घातले तर
"कळणारसुद्धा नाहीत, मॅम."

कळणार नाहीत?
दोनशे पेट्या मधमाश्या आहेत माझ्या.
त्यातली एक चौकट हलकी निघाली
तरी हाताला कळतं मला.

बाहेर मायनॉटचा मार्च,
वितळावं की नाही हे बर्फाचं अजून ठरत नाहीये.
माझा नवा ट्रक,
नवा म्हणजे मला नवा,
आधी कुणा तेलविहिरीवाल्यानं दामटलेला,
काचेपलीकडे उभा आहे धुऊनपुसून,
पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या पोरासारखा.

चष्मा कपाळावरून खाली ओढून मी वाचते.
टर्बो धरलाय. गिअरबॉक्स धरलाय.
गंज नाही. ब्रेक नाहीत.
उंदरांनी कुरतडलेल्या वायरी नाहीत,
आणि आमच्याकडचे निम्मे ट्रक तर
उंदरांपायीच जातात.
मग एक ओळ, सगळ्यांपासून सुटी:
झीज धरलेली नाही.

मग धरता तरी काय, बाबा?
हे मी विचारत नाही.
सव्विशीचा असेल फार तर.
बोटावर अंगठीचा पांढरा वळ आहे,
अंगठी नाही.

आजवर माझी वॉरंटी म्हणजे व्हर्लिन, माझा भाऊ.
बत्तीस वर्षं.
उणे तीसमध्ये, कोठाराच्या दारात,
बोनेटखाली कमरेपर्यंत गडप;
नुसती जीन्स बोलायची,
"पाना दे. तो नाही गं. शेजारचा."
बिल म्हणून मधाची एक बरणी,
तीही झाकण चिकट आहे म्हणत
कुरकुरत घ्यायचा.
असल्या कागदांवर त्याचं मत ठरलेलं:
मोडलं नाही तोवर पैसे घेतात,
मोडलं की वाचायला लावतात.

"दहा मिनिटं दे," मी कोल्टनला म्हणते
आणि कॉफीच्या मशीनशेजारून फोन लावते.
खरं तर मला शिव्याच ऐकायच्या असतात,
म्हणजे पेन परत करून मोकळी झाले.

तो मैल विचारतो. साल विचारतो.
"डिझेल ना?"
मग गप्प.
त्याच्यामागे रेडिओवर गव्हाचे भाव चाललेले.
"घेऊन टाक."
मला वाटतं, ऐकण्यात चूक झाली.
"घे, मार्लिस. सात वर्षांचीच घे."
"अरे पण तूच तर..."
"परवा एक नट हातातून सुटला," तो म्हणतो.
"दहा मिलिमीटरचा. शोधला. सापडला.
परत सुटला."

एवढंच.
लगेच पेट्यांचं विचारतो,
थंडीत किती गेल्या.
सदतीस, मी सांगते.
"बऱ्याच वाचल्या मग," म्हणतो,
आणि फोन कुणी आधी ठेवायचा
हे दोघांनाही सुचत नाही.

कोल्टननं तोवर कागद सरळ लावून ठेवलेत.
रद्द करता येते का, मी विचारते.
येते, साठ दिवसांत, सगळे पैसे परत.
सही करताना मी
अक्षराकडे नाही, हाताकडे बघते.
अजून तरी ठीक आहे.

परतताना घराचा फाटा सोडून देते,
धान्याच्या कोठीपासून डावीकडे,
व्हर्लिनच्या रस्त्याला लागते.
तेल बदलणं त्यात कुठेच धरलेलं नाही,
हे मात्र मी नीट वाचलंय.
निमित्ताला तेवढं पुरे.
बोनेटखाली या खेपेला मी शिरेन,
त्यानं उभं राहून चुका काढाव्यात.

सीट गरम करायचं बटण कुठलं
ते अजून सापडत नाही.
त्याला विचारायला हवं.