सतरा नंबरचा पाना

घर आलं तेव्हा मी जोत्यावर पाणी मारत होतो.
बुटीबोरीच्या कारखान्यातून निघालेलं,
ट्रेलरवर, दोन तुकड्यांत,
निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं
रुखवतातल्या कपाटासारखं.

नाल्याच्या पुलाशी अडलं.
पूल दहा फुटांचा, घर साडेदहा.
तिकडे सगळं मिलिमीटरमध्ये मोजतात म्हणे.
पूल तेवढा मोजायचा राहिला.

तीन दिवस घर पलीकडच्या काठावर.
पोरं त्यात शाळा-शाळा खेळली,
कोणाची तरी शेळी व्याली.
भिलाईचा ड्रायव्हर उंबऱ्यावर बसून भात शिजवायचा,
आणि जिचं घर, ती पंचफुला नान्हे
रोज सांजेला त्याला वांग्याची भाजी नेऊन द्यायची
आणि बाहेरच उभी राहायची,
तिच्याच दारात
पाहुणी.

चौथ्या दिवशी जेसीबीनं उतार काढला,
कोरड्या नाल्यातून घर सावरटोल्यात शिरलं.
लिंबाची एक फांदी गेली.
क्रेनवाला म्हणाला, बाजूला व्हा,
आणि घर वरून खाली आलं.
आयुष्यभर मी घर खालून वर जाताना पाहिलेलं.

माझं काम फक्त जोतं. सोळा बोल्ट.
पंधरा बसले.
कंपनीचा पोरगा मोबाइलात बघून म्हणाला,
काका, चूक जोत्यात आहे.
मी ओळंबा लावला, दोरी ताणली,
चार माणसांसमोर सिद्ध केलं की चूक घरात आहे.

चूक माझी होती.
पाऊण इंच.
गवंड्याचं पाऊण इंच नेहमी प्लास्टरखाली जातं.
इथं प्लास्टरच नव्हतं.
पोरगा म्हणाला, पंधरावर चालतंय,
आणि कागदावर सोळा लिहून निघाला.

मग मे महिना लागला.
भिंत वाजवली तर पोकळ बोलायची,
हात लावला तर चटका.
पहिला खिळा ठोकला, तो आरपार गेला.
आता जाळं कुठं टांगू, भाऊ?
ढिवराच्या घरात जाळ्याले खुंटी नाही,
असं कोणी घर करते का?
वीज गेली की ती खाट घेऊन मोहाखाली.
नवा संडास मात्र रोज घासायची,
त्याचं दार आतून लागतं
हे येईल-जाईल त्याला दाखवायची.
मी गप्प राहायचो. खरं तर बरं वाटायचं मला.

श्रावणात चार रात्री झड लागली.
टोल्यात घरोघरी भांडी मांडलेली.
माझ्या घरात, मीच बांधलेल्या,
सात.
पाचव्या दिवशी सकाळी पंचफुलाकडे गेलो
घमेलं मागायला.
फरशी कोरडी. नात पोटावर झोपून चित्र काढत होती.
छताकडे बघून
मी घमेलं न मागताच परत आलो.

जुनं सावरटोला धरणाच्या पोटात आहे.
तिथली तिची भिंत माझ्या बापानं रचलेली,
दीड हात रुंद, गोळी लागणार नाही अशी.
उठायचा हुकूम आला तेव्हा
तिनं चौकट काढली, कवेलू काढले,
भिंत काढता आली नाही.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसते म्हणतात.
ती बघायला जात नाही.

फिटर सामान आवरत होता त्या दिवशी
तिनं त्याच्याकडून पाना मागून घेतला होता, सतरा नंबरचा.
कायले पायजे मावशी?
इथंबी पाणी आलं त?
तो हसला. मीही हसलो होतो.

दिवाळीच्या आधी मी सागाची पट्टी रंधून नेली,
दोन लोखंडी खांबांच्या मधे कसली,
तीन खुंट्या. पाना तिचाच वापरला.
जाळं टांगलं, घराला मासळीचा वास आला.
मजुरी विचारली तिनं.
मी म्हणालो, पाऊण इंच.
तिला कळलं नाही. सोडा.

पोळ्याला तिच्याकडे बैल नसतात.
ती बोल्टांना तेल लावते,
एकेक सोडवून, परत आवळून,
पंधरा.
सोळाव्या भोकात नात चिंचोके लपवते.