समासात

दर नोव्हेंबरला, खाणीचा भोंगा अंधारात वाजू लागला
की कॉन्डी ब्रॉगन वाचनालयाची पायरी चढतो.
टोपी काढतो, टोपीतच खोकतो,
आणि तेच पुस्तक मागतो:
लाल कापडी बांधणी, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली,
पहिल्या पानावर प्रेत, शेवटच्या पानावर न्याय.

"गेल्या वर्षी वाचलंत ना?"
"नावं विसरतो, मिस प्रॉसर."
हे खोटं. कोल्डरनमध्ये कुणी नावं विसरत नाही,
फक्त उच्चारत नाही.

पुस्तकात एक गुप्त मंडळ आहे. तळघर, मेणबत्त्या,
काळे बुरखे, फितुराच्या दारात टांगलेला कावळा.
लेखक चहा पीत लिहीत असावा.
आमच्याकडे बुरखे नव्हते.
आमच्याकडे "ती मंडळी" होती,
पगाराच्या रात्री सलूनच्या मागच्या खोलीत पत्ते कुटणारी,
आणि कुणाचंही मयत असो, पेटीला पहिला खांदा देणारी.
वडिलांच्या पेटीलाही दिला.

वडील वेल्श. खाणीतले मुकादम.
गाडीत दगड निघाले की मजुरी कापायचे,
आयरिश पोरांच्या गाडीत
त्यांना दगड जरा जास्तच दिसायचे.
हेही सांगायला हवं.

अठराशे त्र्याण्णव, फेब्रुवारी. पंपाजवळचा लाकडी पूल.
सकाळी बर्फावर एक विझलेला कंदील सापडला
आणि बर्फाखाली ते.
शेरीफने दारोदार विचारलं. सगळं गाव झोपलेलं होतं.
इतकं गाढ कोल्डरन ना आधी झोपलं, ना नंतर.
मी सात वर्षांची होते.

पुस्तकातला गुप्तहेर
एकविसाव्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो,
राख, बूट, घड्याळाची किल्ली,
एकेक धागा सोडवत जातो.
आमच्या घरी दिवाणखाना नव्हता.
आणि बसवायचंच तर सगळं गाव बसवावं लागलं असतं,
चुलीपासून थेट कब्रस्तानापर्यंत.

या वर्षी पुस्तक परत आलं तेव्हा चाळलं,
ओल, डाग, दुमडलेले कोपरे बघायला.
एरवी मी समास बघत नाही. कोण बघतं?

पान एकशे बारा, शपथेचा प्रसंग.
पेन्सिल, चौथीत शाळा सुटलेल्या हाताचं अक्षर, पुसट:
"दोन्ही गुडघे नाही. डावा."
पान एकशे चाळीस, थोडं ठळक:
"चिठ्ठी निघते. नवख्याची निघते."
म्हणजे हिवाळ्याला एक ओळ.
कितीतरी हिवाळे तो इथे, माझ्यासमोर,
शिक्का वाळेपर्यंत उभा राहिलेला.

पान एकशे सत्याण्णव. पुस्तकातला माणूस
पुलावर ओरडतो, दयेची भीक मागतो.
ती ओळ खोडलेली. शेजारी, ताजं,
कागद फाटेल इतकं दाबून:
"ओरडला नाही. कंदील वर धरून माझं तोंड पाहिलं.
म्हणाला, थंडी आहे, घरी जा, पोरा."

थंडी आहे, घरी जा.
मी डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी गेले
की मलाही हेच म्हणायचे.

कॉन्डी गेला नव्हता. टेबलासमोर उभा,
टोपीची कड बोटांनी फिरवत, अठरा वर्षांच्या पोरासारखा.
खणात खोडरबर होता. खण मी उघडला.
भिंतीवर नियमांचा तक्ता:
पुस्तकात लिहिल्यास पंचवीस सेंट,
उशीर झाल्यास दिवसाला दोन.
पुस्तक एक दिवस उशिरा आलं होतं.

दोन सेंट त्याने मोजून ठेवले, काळी पडलेली नाणी.
पावतीवर कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं, उशीर.
त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं,
पावती टोपीच्या अस्तरात सरकवली आणि गेला.

पुस्तक फडताळात परत गेलेलं नाही.
कुठे आहे म्हणून कुणी विचारलंच,
तर मीही कोल्डरनचीच आहे.