मधली खाच

वार्काउसच्या दुकानामागे अकरा कयाक टांगलेल्या,
धुरी द्यायला लावलेल्या माशांसारख्या.
रास्मुस, विक्रेता, असेल चोवीसचा,
आधी विचारतो, तळ्यात की नदीत?
ओइवा म्हणतो, दोन्हीकडे.
चहा की कॉफी विचारलं तरी
त्याचं उत्तर हेच असतं.

मग रास्मुस समजावतो.
लांब असेल तर तळ्यावर सरळ जाते,
वाऱ्याला जुमानत नाही,
पण नदीच्या वळणावर तीच लांबी नडते,
दगड दिसेपर्यंत नाक त्याच्यावर गेलेलं असतं.
रुंद असेल तर उभं राहून गळ टाकता येतो,
पण वल्ही मारून खांदे भरून येतात.
सगळं एकाच होडीत मिळत नाही, तो म्हणतो,
आणि माझ्याकडे बघतो,
जणू हे मला आजच कळतंय.

वजन किती? दोघांचं सांगा.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात
मी हा आकडा ओइवाच्या कानावर पडू दिला नव्हता.
सांगितला. शहाऐंशी.
रास्मुसने लिहून घेतला, त्याला काय त्याचं.
ओइवा म्हणाला, एकशे चार.
मी म्हणाले, ओइवा.
तो भिंतीवरच्या वल्ह्यांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, बरं, एकाहत्तर.
कागदावर एकशे चार खोडलं गेलं.
एका रेघेत
तेहेतीस किलो माणूस.

बेरीज एकशे सत्तावन्न.
वर गळ, पेटी, बर्फ, कॉफीचा थर्मास.
ही दोनशे तीस पेलते, रास्मुस म्हणाला,
बरीच जागा उरते.
माशांना, ओइवा म्हणाला,
मी जसजसा कमी होईन तसतशी वाढत जाईल.
आणि हसला. एकटाच.

शेवटी दोन उरल्या.
एक हिरवी, तिच्या दोन्ही बैठका पक्क्या,
साच्यातच ओतलेल्या.
दुसरी वाळूच्या रंगाची, अडीचशे युरो महाग,
तिला मध्ये एक रिकामी खाच.
ही कशाला? मी विचारलं.
रास्मुसने खुशीत पाना काढला,
चार स्क्रू, मागची बैठक पुढे सरकवली,
खट्‌कन बसवली मध्यावर.
कधी एकट्याने जायचं झालं तर, तो म्हणाला,
तोल बिघडत नाही.

बाहेर कुणीतरी ट्रेलर मागे घेत होतं.
त्याचं टुं टुं टुं बराच वेळ ऐकू आलं.

हिरवी घेऊ, मी म्हणाले. स्वस्त आहे.
हिरवी जड आहे, ओइवा म्हणाला,
गाडीच्या टपावर तुला चढवता यायची नाही.
आपल्याला, मी म्हणाले.
तो म्हणाला, तेच ते.
आणि पाना मागून घेतला,
चारही स्क्रू स्वतः काढले, स्वतः लावले,
मग पाना माझ्या हातात दिला.
तू कर एकदा.
जमत नव्हतं असं नाही.
तिसरा स्क्रू मी मुद्दाम पाडला.
तो गुडघ्यांवर बसून गवतात शोधत राहिला,
आणि सापडल्यावर केवढा खूश!

मागे बसेल त्याने दिशा धरायची असते.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी आपली मागे बसले,
पावाची पिशवी तिथे मावते म्हणून.
जूनची रात्र, अकरा वाजले तरी उजेड हटत नाही.
लव्हाळ्यापाशी पाईक असणार, तो म्हणतो, डावीकडे.
मी उजवीकडे नेते.
पहिल्यांदा चुकून.

घरी आल्यावर पाना तो दाराजवळच्या खिळ्याला टांगतो.
सकाळी मी तो खणात टाकते, जुन्या चाव्यांच्या खाली.
संध्याकाळी परत खिळ्यावर.
यावर आम्ही बोलत नाही.

काल त्याच्या गळातून बोटभर पर्च सुटला
आणि पडला नेमका त्या मधल्या खाचेत.
सोड त्याला, ओइवा म्हणाला, मान न वळवता,
पोर आहे अजून.
सोडते, मी म्हणाले.
आणि पुढच्या वळणापर्यंत
ओंजळीने त्याच्यावर
तळ्याचं पाणी घालत राहिले.