बादली

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर ओढलं
तरी बोटांना खिळ्यांचा वास असतो,
दोन इंची, अडीच इंची, किलोवर विकलेल्या.
तो तसाच घेऊन मी कॅमेऱ्याची पिशवी उचलतो.
नोल्फा म्हणते, जा, तुझी दुसरी बायको वाट बघतेय.

आंकूदहून कावुलीनला बस मिळते.
नाही मिळाली तर मासळीच्या ट्रकमागे बसून जायचं.
ओहोटी लागलेली असते.
पाणी एवढं लांब गेलेलं
की वाटतं, परत यायचं विसरलं.
आणि त्या पसरट, आभाळ पिऊन बसलेल्या वाळूवर
काळ्या मानेचे हंस,
धरून शाईत बुचकळल्यासारखे.

मी काही मोठा फोटोग्राफर नाही.
कॅमेरा पुएर्तो मोन्तहून चौदा हप्त्यांत घेतलेला.
लेन्सच्या कडेला बुरशीचा एक ठिपका आहे,
या ओल्या बेटावर राहण्याचा कर.
चिखलात बसतो, श्वास धरतो,
शंभर काढतो, तीन ठेवतो.

रात्री स्वयंपाकघरात चूल निवत असते.
लॅपटॉप टेबलावर, पावाच्या चुऱ्यात.
आभाळ जरा गडद. सावल्या जरा उघड्या.
पिवळा रंग मिठासारखा,
जास्त झाला हे झाल्यावरच कळतं.
नोल्फा खांद्यावरून वाकून बघते:
"समुद्राला कावीळ झाली का रे?"
मी स्लायडर निमूट मागे ओढतो.

त्या मार्चमध्ये सगळं जुळून आलं होतं.
सात हंस. पलीकडे ज्वालामुखी, एकही ढग नसलेला.
आणि डाव्या कोपऱ्यात एक बाई,
पिवळ्या रेनकोटात, वाकून शेवाळ गोळा करणारी.
तो पिवळा डोळ्यांत खुपत होता.
मी तिच्या शेजारची वाळू उचलली
आणि तिच्यावर पसरत गेलो.
आधी डोकं, मग पाठ, मग गमबूट.
अकरा मिनिटांत किनारा मोकळा.
पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर मालकाने तोच छापला,
खाली दुकानाचं नाव, लाल अक्षरात.

जानेवारीत सेन्योरा एर्मिंदा आली.
आठ मीटर दोर हवा होता.
मी मोजेपर्यंत ती भिंतीकडे बघत राहिली,
चष्मा चढवला, जवळ गेली.
"नातवाचा वाढदिवस होता त्या दिवशी.
तू तिकडे बसला होतास, बेडकासारखा."
मी मीटरपट्टी धरून उभा.
"मग मी कुठे आहे?"

मी काहीच बोललो नाही.
तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"ही बघ माझी बादली."

होती. निळी, कडी तुटलेली,
माझ्या स्वच्छ किनाऱ्यावर एकटीच.
तीनशे घरांत टांगली गेली,
मला दिसली नाही.

रागावली असती तर बरं होतं.
म्हणाली, "बादली ठेवलीस ते छान केलंस.
नवी घ्यायची तर तूच साडेतीन हजार घेतोस."
मी दोर नऊ मीटर कापला, आठाचे पैसे घेतले.
तिने तेही पाहिलं.

रात्री मूळ फाइल शोधली.
जागा पुरत नाही म्हणून मीच पुसली होती.

पुढच्या शनिवारी तिच्याकडे गेलो.
ती तयार होती: चर्चला जायचा स्वेटर,
ओले करून विंचरलेले केस,
ओळखपत्राला काढतात तशी ताठ.
ज्वालामुखी ढगात. हंस कधीच उडालेले.
"काम करा ना, नेहमीसारखं," मी म्हटलं.
"कामाचे पैसे मिळतात. याचे किती देतोस?"

एकच काढला.
क्षितिज तिरकं आलंय.
तिच्या हातात बादली, कडीच्या जागी माझा दोर,
गाठ चांगली बसलेली.
सरळ करायला घेतलं
की तिचे बूट कापले जातात.
नोल्फा म्हणाली, झोप आता.
तिरकंच ठेवलं.