पश्चिमेची भिंत

महालातल्या जुन्या कचेरीत
भेगेवर काचेची पट्टी चिकटवून
मी तारीख लिहिली : चौदा मार्च.
मेच्या दुसऱ्या आठवड्यात काच तडकली.
बाहेर सेहेचाळीस.

देवाजी हेडाऊंनी पायाशी दीड हात खणलं.
काळी माती, इतकी फाटलेली
की ओळंबा आत सोडला
तर तो कशालाच टेकला नाही.
"भिंत कुठं चालते, मॅडम," ते म्हणाले,
"जमीनच आवळून राह्यली."

मग उत्तरेचा कोपरा वर का उचललेला?
तिथली माती ओली, लोण्यासारखी, फुगलेली.
वर खिडकीत रेकॉर्ड रूमचा कूलर.
थेंब.
थेंब.
अकरा उन्हाळे झाले, दुरुगकर बाबू म्हणाले,
नुसतं पाणीच तर आहे.

दगडादगडांतला चुना
थोडं वाकून घेतो, थोडं सोसतो.
वरून कुणीतरी थापलेलं सिमेंट
वाकत नाही. त्याचे पोपडे
ताटाएवढे निघाले, आणि मागचा दगड
घामेजलेला, ताप उतरलेल्या कपाळासारखा.

अहवालात मी लिहिलं : पाया असमान खचला आहे.
देवाजींनी कूलरखाली बादली ठेवली.

ऑगस्टमध्ये गेले.
बादली तिथंच, डासांनी भरलेली.
भेग मिटून केसाएवढी. बाबू खूश.
मी काचेकडे पाहत राहिले :
दोन तुकडे एकमेकांवर चढून बसलेले,
आणि माझ्याच अक्षरातले
'मा' आणि 'र्च'
आता एका ओळीत नव्हते.