लॉनची वाटणी

मे महिन्यात मी लॉनची वाटणी केली.
सुतळी, खुंट्या, चार पट्टे.
भाऊबंद कुणी नव्हते. मी होते,
आणि हातात कात्री धरून गोंधळलेला गेंदालाल.

पहिला पट्टा खणला.
हरळीच्या काड्या वेचल्या, राखेत कालवून बी फेकलं.
जुलैत कमरेएवढं गाजरगवत!
माळव्याच्या काळ्या मातीत कधीचं काय निजलेलं असतं,
कुदळीनं हाक मारायचीच खोटी.

दुसऱ्यावर प्लास्टिक ताणलं, कडेनं विटा, सहा आठवडे ऊन.
हरळी मेली. गांडुळंही.
तिथं मग जे पेरलं तेच आलं,
त्याहून अधिक काही नाही.

तिसऱ्यावर भिजवलेली रद्दी, आठ थर.
वाळवीनं अग्रलेखापासून सुरुवात केली.

चौथ्यात फक्त मशीन विकलं.
सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि रोज सकाळी हात शिवशिवायचे.
गवत माजलं, आडवं पडलं. फूल एक नाही.
ह्यांनी वीस वर्षं युरिया घातला होता,
कौतुकानं, पगाराच्या दिवशी.

कचरागाडीबरोबर साहेब आले.
“पहले नंबर का शहर है, मॅडम. और ये जंगल?”
म्हटलं, ओला नाही, सुका नाही,
सांगा, कुठल्या डब्यात टाकता?
लोकमान्य नगरातल्या चार गॅलऱ्या हसल्या.

पाचवा पट्टा मी आखलाच नव्हता.
टाकीमागे प्लंबरनं टाकलेला मुरूम, विटांचे तुकडे,
मातीच्या नावानं चिमूटभर धूळ.
सप्टेंबरात तिथं कुर्डूचे गुलाबी तुरे,
केना, शंखपुष्पी, आणि एक पिवळं,
ज्याचं नाव मला येईना.

गेंदालाल उकिडवा बसला.
एकेकावर बोट ठेवत नावं सांगत गेला, माळवीत,
पिवळ्याचं, त्याच्या शेजारच्याचं, अजून उगवायचं होतं त्याचंही.
तुला कसं रे ठाऊक?
“चौदा साल से मैं ही तो उखाड़ रहा हूँ, बाई.”

आता चौथ्या पट्ट्याची वरची सहा बोटं माती काढायची,
बिल्लोऱ्यांच्या गुलाबांना द्यायची. त्यांना पचते.
बी गोळा करायला मी त्याला बोर्नव्हिटाचा डबा दिला.
पगार तोच, म्हटलं.
त्यानं मान हलवली, विश्वास न बसल्यासारखी,
कात्रीला तेल लावलं, फडक्यात गुंडाळली.
सालातून एकदा लागेल, म्हणाला,
डिसेंबरात,
सगळं बी झडून गेल्यावर.