पायगुण

शुक्रवारी संध्याकाळी सहाला
माझ्या दुकानाची रांग दारातून बाहेर, पोस्टाच्या पेटीपर्यंत जाते.
मी हॅडॉक पिठात घोळवते, तेलात सोडते,
आणि स्केलवाइक टाउन कसं सावरायचं
ते फुकटात ऐकते.

खालच्या श्रेणीत घसरलो, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय.
एप्रिलमध्ये तो शब्द कोणी काढत नव्हतं,
घरात दुखणाईत असावं तसं.
जूनमध्ये शवविच्छेदन जोरात.

बचावफळी विका, क्लिफर्ड ऑक्स्टोबी म्हणतो,
सगळी. गोलकीपरसकट.
घेणार कोण, मॉरीन विचारते, भंगारवाला?
क्लिफर्ड जरा गप्प.
मग म्हणतो, भंगाराला भाव आहे सध्या.

पुढच्या मोसमात आम्ही अशा गावांत खेळणार
जिथे मैदानाला भिंत नाही, झुडपांचं कुंपण आहे,
बॉल पलीकडे गेला
की मेंढ्यांना विचारून आणायचा.

नवा मॅनेजर रुआरी मॅकास्किल,
छत्तीस वर्षांचा, स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरचा.
तेविसाव्या वर्षी गुडघा गेला,
तेव्हापासून डावा पाय ओढत चालतो.
याचा पायगुण तो काय असणार, क्लिफर्ड म्हणतो,
पायच धड नाही.
मागचे तिघे दोन्ही पायांनी धड होते, मॉरीन म्हणते,
तिघेही नाताळच्या आत पायउतार.

पोरं खेळवा, कायरन म्हणतो. तो स्वतःच एकोणीस.
पोरं म्हणजे तुझा भाऊ ना, मागून कोणीतरी.
हशा.
झ्बिशेक गवंडी, पापण्यांवर चुना घेऊन उभा,
म्हणतो, भिंत फुगली की रंग नसतो लावायचा,
ओल कुठून येते ते बघायचं आधी.
पण तेवढ्यात रांग सरकते
आणि त्याचं म्हणणं दाराबाहेरच राहतं.

मी बोलत नाही. माझ्या तोंडात मत नसतं, हातात झारा असतो.
गल्ल्यापाशी व्हिनेगरच्या बाटलीखाली
माझा सीझन तिकिटाचा फॉर्म तीन आठवडे कोरा पडलाय.
तेवीस वर्षं शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवते,
त्याचा तोटा कधी मोजला नव्हता.
या वर्षी मोजला.

आणि मग तोच आला.
रांगेच्या शेवटी उभा राहिला.
तेलाचा काय तो आवाज.
पुढे या, असं कोणी म्हणालं नाही,
कोणी परत घरीही गेलं नाही.

एक हॅडॉक, वाटाणे, म्हणाला. आणि मग, सगळ्यांनाच,
त्या उत्तरेच्या कोपऱ्यात काय आहे?
गेल्या वर्षीचे नऊ गोल तिथून झालेत.
आपली पोरं तिथेच घसरतात.

आपली, म्हणाला. क्लिफर्डने भुवई वर केली.

तळं होतं तिथे, मॉरीन म्हणाली.
इंजिनांची राख ओतून बुजवलं.
माझा बाप एकतीस वर्षं गवत कापायचा,
रोज सकाळी तिथे काटा खुपसून पाणी मोकळं करायचा.
तो गेला, मग काटाही गेला.
किती खोल?
मॉरीनने कमरेला हात लावला.
त्याने माझ्याच कागदावर, मासा गुंडाळायच्या,
पेन्सिलीने काहीतरी काढलं,
मासा तसाच हातात घेतला, मोड विसरला,
आणि पाय ओढत उतारावरून गेला.

खड्डे खणायला दिलाय का तीन वर्षांचा करार, क्लिफर्ड म्हणाला.
मॉरीन म्हणाली, काटा अजून आहे माझ्या शेडमध्ये.
गंजला असेल.
गंजलाय.
कायरन म्हणाला, पण स्ट्रायकरचं काय?
आणि पुन्हा सगळे एकदम सुरू झाले.

मी मोड बरणीत टाकली, बाटली उचलली.
फॉर्मवर, जिथे सही करायची तिथे,
माझा तेलकट अंगठा उठलाय.
कोरा म्हणून आता परत देता येणार नाही.